जपानी जॅझचा छोटा संग्रह : टोकियोतील खरेदीपासून पुण्यातील कपाटापर्यंतच्या नोंदी

२ मार्च २०२४, निशि-कासाई, टोकियो

जूनअखेर पुण्याला कायमचे परतायचे ठरले आहे. त्याआधी १९७० ते १९८५ या काळातील जपानी जॅझच्या रेकॉर्ड आणि सुरुवातीच्या सीडी यांचा एक छोटा, पण नीट पारखून घेतलेला संग्रह उभा करायचा आणि तो सुखरूप घरी न्यायचा, असे हे काम आहे. जे कोणी पुढे असाच खटाटोप करतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून खर्च, अडचणी आणि वाया गेलेला वेळ यांसह नोंदी ठेवत आहे.

टोकियोत करायच्या खर्चाची मर्यादा १,२०,००० येन ठरवली आहे. सिटी पॉप, म्हणजे त्याच काळातील जपानी शहरी पॉप संगीत, मुद्दाम बाजूला ठेवले आहे, कारण जगभरातून मागणी वाढल्यापासून त्या रेकॉर्डच्या किमती माझ्या आवाक्यात राहिलेल्या नाहीत. लक्ष दोनच ठिकाणी केंद्रित करणार आहे. पहिले म्हणजे ताकेशी फुजिई यांनी १९७० मध्ये सुरू केलेली ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही छोटी कंपनी, जिच्या अनेक ध्वनिमुद्रणांमागे योशिहिको कान्नारी या ध्वनिमुद्रकाचा कान होता. दुसरे म्हणजे निप्पॉन कोलंबियाची डेनॉन ही नाममुद्रा, जिने १९७२ मध्येच व्हिडिओ टेपवर आठ चॅनेल नोंदवणारे १३ बिटचे डिजिटल यंत्र प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणासाठी वापरात आणले. सीडी बाजारात यायला तेव्हा अजून दहा वर्षे होती. मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत अगदी मोजक्या माणसांनी केलेले हे काम आजही इतके जिवंत ऐकू येते, याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि संग्रहाचे खरे कारण तेच आहे.

१० मार्च २०२४

तोझाई लाइनने ताकेबाशीला उतरून जिम्बोचो आणि तिथून चालत ओचानोमिझु असा फेरा केला. ओचानोमिझुला डिस्क युनियन या दुकानसाखळीचे केवळ जॅझला वाहिलेले दुकान आहे. सुरुवात करणाऱ्याने बाजारभाव समजून घेण्यासाठी आधी तिथे जावे.

रेकॉर्डच्या बाहेरील प्लास्टिक पाकिटावर एक छोटी चिठ्ठी असते आणि तिच्यावर तबकडीची स्थिती, कव्हरची स्थिती, ओबी आहे की नाही आणि विशेष दोष या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. ओबी म्हणजे कव्हरच्या डाव्या कडेला गुंडाळलेली कागदाची उभी पट्टी. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून चिठ्ठी वाचता येते, पण हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांपुढे कॅमेरा हात टेकतो. तिथे ‘केन्बान’ हा शब्द उपयोगी पडतो. रेकॉर्ड काउंटरवर नेऊन तबकडी तपासू देण्याची विनंती त्या एका शब्दात होते, आणि दुकानदार दिव्याखाली तबकडी स्वतः काढून दाखवतो. तबकडी तिरपी धरून प्रकाश तिच्यावरून सरकवला की नखाला लागेल असा खोल ओरखडा आणि नुसता पाकिटाचा घासा यांतला फरक लगेच कळतो.

दर्जाची अक्षरे दुकानागणिक बदलतात. एका ठिकाणचा ‘बी’ दुसरीकडच्या ‘बी प्लस’पेक्षा चांगला निघाला, म्हणून अक्षरावर जाऊन काहीही घेणार नाही.

२४ मार्च २०२४

ऑनलाइन लिलावातून दहा जॅझ रेकॉर्डचा एक गठ्ठा ६,८०० येनला घेऊन पाहिला. दुकानात याच दहा रेकॉर्ड तिप्पट किमतीला पडल्या असत्या, हा हिशेब कागदावर बरोबर होता. प्रत्यक्षात पातळ पुठ्ठ्यात गुंडाळलेला गठ्ठा आला, तीन कव्हरांचे कोपरे दबलेले होते, आणि पाच तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते जे छायाचित्रांत कुठेच दिसले नव्हते. वर्णनात ‘वाजवून पाहिलेले नाही’ आणि ‘तक्रार व परतावा नाही’ ही दोन्ही वाक्ये असल्यामुळे बोलायला जागा नव्हती. संग्रहात ठेवण्याजोग्या तीनच निघाल्या. उरलेल्या सात एका जुन्या वस्तूंच्या दुकानाने मिळून ५०० येनला घेतल्या.

म्हणजे एक रेकॉर्ड २,१०० येनला पडली आणि दोन शनिवार त्यात गेले. गठ्ठ्याने घेणे बंद. लिलावात यापुढे एकेकटी रेकॉर्डच, तीसुद्धा विक्रेत्याने तबकडीच्या दोन्ही बाजूंची तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे दिली असतील तरच.

७ एप्रिल २०२४

आज धुलाई. जपानी घरांत आणि कॉफीगृहांत वाजलेल्या जुन्या रेकॉर्डवर सिगारेटच्या धुराचा पिवळट, चिकट थर अनेकदा असतो. तो ब्रशने कोरडा झटकून जात नाही, उलट खाचांत आणखी खोल बसतो.

औषधाच्या दुकानात शुद्ध केलेल्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली शंभर येनच्या आसपास मिळते. त्या पाण्यात सौम्य, बिनरंगी भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब, लेबलवर रबरी कड असलेली गोल झाकणे, मऊ केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवणे, मग निव्वळ शुद्ध पाण्याने दोनदा खळखळून धुणे आणि ताटांच्या जाळीत उभी ठेवून वाळवणे, एवढीच पद्धत आहे. दुसऱ्यांदा धुणे टाळले की साबणाचा अंश सुईवर पांढऱ्या गोळीच्या रूपाने जमा होतो. पहिल्या चार रेकॉर्डवर तसे झाल्यामुळे त्या पुन्हा धुतल्या. घरी आजोबांच्या काळातील लाखेच्या ७८ वेगाच्या तबकड्या असतील तर त्यांना मद्यार्क असलेला कोणताही द्रव लावू नये, लाख त्यात विरघळते.

एका रेकॉर्डवर मात्र काहीच उपाय चालला नाही. ती वर्षानुवर्षे मऊ पीव्हीसीच्या पाकिटात राहिलेली होती आणि तिच्या पृष्ठभागावर धुक्यासारखा डाग उमटला होता. तीन वेळा धुऊनही डाग तसाच राहिला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारीक सळसळ ऐकू येत राहिली. त्या पाकिटातून सुटणारे रसायन तबकडीच्या पृष्ठभागावरच परिणाम करते, त्यामुळे तो मळ नाहीच आणि धुऊन जाण्याचा प्रश्नही नाही. आता दुकानात तबकडी पाहताना ओरखड्यांच्या आधी हे धुके शोधतो. उरलेल्या सगळ्या रेकॉर्डची जुनी जाड, चिकट पाकिटे काढून टाकली आणि पॉलिएथिलीनची, तळाशी गोल कापलेली आतली पाकिटे घातली.

२१ एप्रिल २०२४

सीडीकडे वळलो. टोकियोतील नाकानो आणि कोएन्जी या दोन्ही ठिकाणी जुन्या सीडी रेकॉर्डपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत, आणि माझ्या मते सुरुवातीच्या जपानी सीडींना अजून योग्य मान मिळालेला नाही.

आवृत्ती ओळखण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही, सगळे वस्तूवरच छापलेले असते. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून पुढची काही वर्षे अनेक कंपन्यांच्या क्रमांकातच किंमत दडलेली असे. सीबीएस-सोनी या कंपनीचा ‘३५डीपी’ म्हणजे ३,५०० येन, ‘३२डीपी’ म्हणजे ३,२००. डेनॉनचा ‘३८सी३७’ म्हणजे ३,८००. एलपींनाही हेच लागू आहे, ‘२५एपी’ म्हणजे २,५००. त्याच क्रमांकाची नंतरची छपाई वेगळी काढायची असेल तर सीडीच्या आतल्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ (IFPI) असा संकेत आहे का पाहावे. तो १९९४ पासून वापरात आला, त्यामुळे तो असेल तर ती सीडी ऐंशीच्या दशकात तयार झालेली नाही.

ओबीवरील कराची आकडेमोड हा तर पक्का पुरावा आहे. जपानमध्ये उपभोग कर १ एप्रिल १९८९ रोजी ३ टक्क्यांनी सुरू झाला, १९९७ च्या एप्रिलमध्ये ५ टक्के झाला. ओबीवर २,८०० येन आणि करवगळता २,७१८ असे छापलेले असेल तर ती ३ टक्क्यांच्या काळातली, २,६६७ असेल तर ५ टक्क्यांच्या काळातली, आणि कराचा उल्लेखच नसेल तर बहुधा १९८९ पूर्वीची. आज ‘पहिली आवृत्ती’ म्हणून ४,००० येनला मांडलेल्या एका सीडीच्या ओबीवर २,७१८ हा आकडा होता. ती तिथेच ठेवली. तीच आवृत्ती पुढच्या गल्लीत ८०० येनला मिळाली.

आतील पत्रकावरची तारीख सम्राटाच्या कालगणनेत असेल तर शोवा वर्षात १९२५ मिळवावेत. शोवा ५४ म्हणजे १९७९.

३ मे २०२४

गोल्डन वीकची, म्हणजे जपानमधील एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सलग सुटी. सीडी संगणकावर उतरवून घेण्याचे काम काढले, आणि त्यातच सर्वांत जास्त वेळ गेला.

डेनॉनच्या दोन सीडी जुन्या सीडी प्लेअरवर अत्यंत गोड वाजत होत्या, पण उतरवलेल्या फाइलीत झांजा कानाला टोचत होत्या आणि पियानोचा वरचा पट्टा पत्र्यासारखा वाजत होता. आधी ड्राइव्हवर संशय घेतला, मग केबलवर, मग हेडफोनवर. दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा उतरवल्यावर फाइल तंतोतंत तशीच आली तेव्हा ड्राइव्ह निर्दोष असल्याचे नक्की झाले.

कारण सीडीमध्येच होते. त्या काळातील बऱ्याच जपानी सीडींवर ‘प्री-एम्फसिस’ वापरलेला असतो, म्हणजे उंच स्वर मुद्दाम चढवून नोंदवलेले असतात आणि वाजवताना प्लेअरने ते तेवढेच उतरवावेत अशी खूण सीडीत असते. १० किलोहर्ट्झला ही चढण साडेसात डेसिबलच्या आसपास असते. सीडी प्लेअर ती खूण वाचतो. संगणकावर उतरवताना बहुतेक सॉफ्टवेअर तिच्याकडे दुर्लक्ष करतात. त्यातही गोम अशी की काही सीडींमध्ये ही खूण सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्याच्या आतील उपसंकेतात, म्हणजे आवाजासोबत नोंदलेल्या जोड-माहितीत असते, आणि नुसती अनुक्रमणिका वाचणारे सॉफ्टवेअर ‘प्री-एम्फसिस नाही’ असे बिनदिक्कत सांगते. माझ्या दोन सीडींपैकी एक नेमकी तशीच होती. ‘सीडीआरडीएओ’ या सॉफ्टवेअरने उपसंकेतासह वाचल्यावर ती खूण दिसली.

उपाय : मूळ फाइल जशीच्या तशी जपायची, आणि ‘सॉक्स’ या मोफत साधनातील ‘डीएम्फ’ प्रक्रिया चालवून २४ बिटची वेगळी प्रत करायची. मूळ फाइल पुसू नये, कारण पुढे अधिक चांगले साधन हाती आले तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. प्रक्रियेनंतर झांजा जागेवर आल्या. ऐंशीच्या दशकातील जपानी सीडी ‘कर्कश’ असतात हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. त्यातला काही भाग तरी अशाच फाइली ऐकून तयार झाला असावा असे मला वाटते.

१९ मे २०२४

पियानोवादक त्सुयोशी यामामोतो यांच्या तिघांच्या वाद्यवृंदाचा ‘मिडनाइट शुगर’ हा १९७४ चा अल्बम संग्रहात असायलाच हवा होता. पहिल्या आवृत्तीचा क्रमांक टीबीएम-२३ (टीबीएम म्हणजे थ्री ब्लाइंड माइस), आणि कंपनीने नंतर काढलेल्या आवृत्तीचा टीबीएम-२५२३. पहिली आवृत्ती घेतली असती तर उरलेले सगळे पैसे एका रेकॉर्डवर गेले असते. नंतरची आवृत्ती ओबीशिवाय, कव्हरला किंचित डाग पण तबकडी स्वच्छ, अशी केन्बान करून घेतली. पियानोचा पहिला आघात आणि त्यामागची शांतता यांत मला उणे काही सापडले नाही.

ओबीबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. ओबी असलेल्या प्रतीसाठी बाजारात बरेच जास्त मोजावे लागते. ओबीवरची माहिती आवृत्ती ओळखायला फार मोलाची आहे, पण ती दुकानात वाचून टिपून घेता येते. ऐकण्यासाठी संग्रह करणाऱ्याने ते पैसे अधिक स्वच्छ तबकडीवर घालावेत. ज्या ओबी आल्या त्या मात्र जिवापाड जपतो, कारण चाळीस-पन्नास वर्षांचा तो कागद कव्हर बाहेर काढताना पाकिटाच्या कडेला अडकून चटकन फाटतो. ओबीसह रेकॉर्ड आत सरकवताना उघडी बाजू वर ठेवावी आणि ओबी अंगठ्याने दाबून धरावी.

१ जून २०२४

टर्नटेबल इथूनच न्यायचे ठरवले होते, पण ते निवडताना विजेचा विचार आधी करावा लागतो. पूर्व जपानमध्ये, म्हणजे टोकियोत, वीज ५० हर्ट्झची आहे आणि ओसाकासह पश्चिम जपानमध्ये ६० ची. दाब सगळीकडे १०० व्होल्ट. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या टर्नटेबलची मोटर विजेच्या वारंवारतेवरच गती पकडते, त्यामुळे ६० साठी पुली बसवलेले टर्नटेबल ५० वर लावले की ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते आणि गाणे रडू लागते. भारतात ५० हर्ट्झ असल्याने टोकियोचे टर्नटेबल गतीच्या दृष्टीने चालते. तरीही मी क्वार्ट्झ नियंत्रणाचे डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटरनेच थेट फिरणारे टर्नटेबल घेतले, त्याची गती वारंवारतेवर अवलंबून नसते. सहकाऱ्याने स्वतःचे जुने भेट दिल्यामुळे ते खर्चात धरलेले नाही.

१५ जून २०२४

बांधाबांध. महाग आणि आवडत्या रेकॉर्ड सोबत विमानात, बाकीच्या टपालाने, अशी विभागणी केली. टपालाने आलेल्या मालावर आपल्याकडचे सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, तर टपालखर्च मिळवून होणाऱ्या रकमेवर लागते, हे विभागणी करताना निर्णायक ठरले. रेकॉर्ड जड असते, कव्हरसह पाव किलो धरावी.

तबकडी कव्हरच्या आत ठेवून पाठवली तर पेटी आदळल्यावर ती कव्हरची शिवण आतून फाडते. म्हणून प्रत्येक तबकडी तिच्या आतल्या पाकिटासह बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवली, आणि दोन्ही मिळून बाहेरच्या पाकिटात घातली. पंधरा रेकॉर्डच्या गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी नालीदार पुठ्ठ्याचे दोन-दोन थर दिले, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. पेटीत रेकॉर्ड उभ्याच राहतील असे पाहिले. टपालासाठी हाताने लिहिलेले लेबल चालत नाही, मालाची माहिती आधी ऑनलाइन भरून लेबल छापावे लागते. प्रत्येक रेकॉर्डची पावती आणि यादी पेटीत एक प्रत व स्वतःजवळ एक प्रत अशी ठेवली.

१३ जुलै २०२४, पुणे

पेटी आली. तपासणीसाठी उघडून पुन्हा चिकटवलेली होती आणि वरचा पुठ्ठ्याचा एक थर परत घातलेला नव्हता, त्यामुळे दोन कव्हरांचे कोपरे वाकले. तबकड्या सगळ्या धड आहेत आणि एकाही कव्हराची शिवण उसवलेली नाही. शुल्क ७,४०० रुपये, म्हणजे पेटीतील रेकॉर्डच्या मूळ किमतीच्या जवळपास. टपालाचा मार्ग मी पुन्हा निवडणार नाही. कोणी ओळखीचे येत असेल तर त्याच्या सामानात पाच-सहा रेकॉर्ड, पावत्यांसह, हाच परवडणारा रस्ता आहे.

२१ जुलै २०२४

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर शोधला. तयार मिळतात ते २३० चे ११० व्होल्ट करणारे, अमेरिकी वस्तूंसाठीचे. जपानी यंत्राला ते काही काळ चालतात, पण आपल्याकडे दाब २४० च्या वर गेला की पलीकडे ११५ निघतात आणि १०० साठी बनवलेले यंत्र तापते. १०० चा वेगळा टॅप काढून गुंडाळून देणारे एक कारागीर भेटले. १,९०० रुपये आणि आठवडाभर थांबणे.

जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येत होता. अर्थिंग तपासले, तारा बदलल्या, फरक पडला नाही. ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलशेजारी एकाच फळीवर होता आणि सुईच्या कार्ट्रिजमधील नाजूक वेटोळी त्याचे चुंबकीय क्षेत्र पकडत होती. तो दीड मीटर दूर, जमिनीवर ठेवल्यावर आवाज पूर्ण थांबला.

१० ऑगस्ट २०२४

पुण्याचा पावसाळा ही टोकियोत अंदाज न आलेली अडचण. कपाटातला आर्द्रतामापक ८२ टक्के दाखवत होता आणि दोन ओबींना लाटा आल्या होत्या. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून होते. ते खोलीच्या मधल्या भिंतीकडे हलवले, मागे चार बोटे जागा सोडली आणि तळाशी रंग बदलणारे सिलिका जेल ठेवले. तेवढ्याने ७४ पर्यंतच उतरले आणि जेल तीन दिवसांत रंग बदलू लागले. शेवटी खोलीतच आर्द्रता शोषणारे यंत्र संध्याकाळी चार तास चालवल्यावर ५५ च्या आसपास स्थिरावले. बाहेरच्या पाकिटांची तोंडे चिकटवून बंद करू नयेत, आत अडकलेला दमटपणा कव्हरांना बुरशी आणतो.

रेकॉर्ड उभ्या आहेत, पण दाबून भरलेल्या नाहीत. प्रत्येक कप्प्यात एक बोट सहज जाईल इतकी जागा ठेवली आहे.

२५ ऑगस्ट २०२४

हिशेब. एलपी ३४, मिळून ७१,४०० येन, फसलेल्या गठ्ठ्यासह. सीडी २२, मिळून १९,८०० येन. पाकिटे, शुद्ध पाणी, ब्रश, पुठ्ठा ९,६०० येन. टपाल १५,२०० येन. एकूण १,१६,००० येन, एका येनाला ५४ पैसे धरून सुमारे ६२,६०० रुपये. इथे आल्यावर शुल्क ७,४०० आणि ट्रान्सफॉर्मर १,९००. आर्द्रता शोषणारे यंत्र घरात आधीच होते. नसेल तर तो खर्च रेकॉर्ड घेण्याआधीच धरावा.

प्री-एम्फसिस असलेल्या सीडी अखेर सात निघाल्या. त्यांच्या पेट्यांवर पेन्सिलने लिहिलेल्या छोट्या चिठ्ठ्या आतल्या बाजूने लावल्या आहेत, म्हणजे पुढे कोणी त्या उतरवून घेतल्या तर आधी उपसंकेत तपासेल. सर्व ओबी आणि पत्रके स्कॅन करायची राहिली आहेत. ती यादी कंपनी, क्रमांक, ओबीवरील किंमत व कर, आणि आतल्या कड्यावरील अक्षरे या चार रकान्यांत करतो आहे. टीबीएमच्या नोंदी पुऱ्या झाल्या, डेनॉनच्या अर्ध्या व्हायच्या आहेत.